कॅच सायडिंग आणि आमची वहिनी

सिंधूवहिनी लग्न होऊन आमच्या घरात आली तेव्हा मला ती आवडली होती, हे आधीच सांगून टाकते. तिच्यामुळे माझी धुणीभांडी निम्म्यावर आली होती. न आवडायला काय झालं? मत्सर नंतर सुरू झाला, आणि त्याला कारण ना साडी होती, ना दागिना, ना आईची मर्जी. कारण होता पुण्याच्या चार पोरांचा एक बँड. लेण्यांखालच्या भाज्यासारख्या गावात नणंद-भावजयीचं रॉक बँडवरून बिनसलं, असं मी आज सांगितलं की लोक हसतात. मीही हसते, पण मनापासून नाही.

आमचं घर म्हणजे एका बंगल्याच्या आवारातल्या मागच्या तीन खोल्या. बंगला मुंबईच्या मालकांचा. ते वर्षातून दोनदा यायचे, बाकीचे दिवस बंगला आमच्या आबांच्या राखणीत. आबा बाग शिंपायचे, टाकी भरायचे, आणि कोणी पाहुणे उतरले की आई त्यांचा स्वयंपाक करायची. दादा लोणावळ्याला चिक्कीच्या कारखान्यात भट्टीवर होता. तो संध्याकाळी घरी आला की त्याच्या सदऱ्याला जळक्या गुळाचा असा वास यायचा, की गल्लीतली कुत्री त्याच्यामागे दारापर्यंत यायची. मी नववीत. मळवलीहून गाडी धरायची, एकच स्टेशन, की लोणावळ्याला शाळा. त्या वर्षी मालकांचा भाचा जोएल आपले तीन मित्र घेऊन दर शनिवारी बंगल्यावर यायला लागला. पुण्यात शेजारी त्यांना वाजवू देत नव्हते. टेम्पोतून दोन गिटारी, ड्रमचा संच आणि कपाटाएवढे दोन स्पीकर उतरले, आणि पहिल्याच दुपारी त्यांनी जे काही वाजवलं त्यानं आईची खुडूक कोंबडी अंडी सोडून आंब्यावर जाऊन बसली. आबा झारी हातात धरून आभाळाकडे बघत म्हणाले, "इमान उतरतंय का काय?"

बँडचं नाव होतं 'कॅच सायडिंग'. खंडाळ्याच्या घाटात उतारावर ब्रेक न लागलेली गाडी वळवून थांबवायला चढावर काढलेला रुळांचा एक तुकडा असतो, त्याला हे म्हणतात. मुंबईला येता-जाता गाडीतून तिथली पाटी बघून त्यांनी नाव उचललं होतं. मला ते नाव कळलं याचाच मला केवढा अभिमान! शाळेतल्या रेल्वेवाल्यांच्या मुली सोडल्या तर कुणाला ते माहीत नव्हतं. एखाद्या बँडचं वेड कसं लागतं, असं मला आता कोणी विचारलं तर मी सांगेन की गाण्यानं लागत नाही. आपल्याला काहीतरी कळलंय आणि शेजारच्याला कळलेलं नाही, इथून ते लागतं. गाणं मागाहून येतं.

माझी जागा ठरलेली होती. बंगल्याच्या हॉलची मागची खिडकी, तिच्याखाली पाण्याच्या मोटारीचा कट्टा, त्यावर मी. लोकांना गाणं कॅसेटवर आयतं मिळतं. मला ते चुकांसकट मिळालं. एक गाणं वीस वेळा मोडायचं, भांडणं व्हायची, कोणीतरी रागावून बाहेर येऊन सिगारेट ओढायचं, परत आत जायचं, आणि एकविसाव्या वेळी ते सरळ शेवटपर्यंत जायचं. तेव्हा माझ्या अंगावर काटा यायचा. मी वहीत शब्द उतरवून घ्यायचे. इंग्रजी अर्धंच कळायचं, उरलेलं मी माझ्या मनानं भरायचे. बिस्किटाच्या डब्यात एक तुटलेली तार, ड्रमच्या काठीचा ढलपा आणि जोएलच्या खोकल्याच्या गोळ्यांचे कागद जपून ठेवले होते. शाळेत मी 'माझा बँड' म्हणायचे. आठ महिने तो माझा होता. त्या आठ महिन्यांत त्यांच्यापैकी एकानंही मला नाव विचारलं नाही, पण त्याचं मला काही वाटायचं नाही. देव कुठे नाव विचारतो?

मग वहिनी आली, उर्शाची. तिच्या माहेरच्या शेताशेजारून आता एक्सप्रेस-वे गेलाय आणि टोलनाक्यावर रात्रंदिवस भोंगे वाजत असतात. तेव्हा तिच्या घरात साधा रेडिओ नव्हता. ती मुकी-मुकी राहायची. तिच्याबद्दल गावाला एकच गोष्ट ठाऊक होती, ती म्हणजे ती पायाळू होती. जन्मताना आधी पाय बाहेर आलेलं मूल पायाळू, आणि त्याचा पाय लावला की उसण भरलेली, लचकलेलं, सगळं उतरतं असं आमच्याकडे मानतात. ती आल्यापासून आमच्या अंगणात कंबर धरून येणाऱ्या बायामाणसांची रांग लागली होती. ती पदर सावरून, दुसरीकडे बघत, डाव्या पायाचा अंगठा तीनदा त्यांच्या कमरेला टेकवायची आणि ती माणसं सरळ होऊन जायची.

शनिवारी बँडच्या पोरांना दोन वेळचं जेवण आमच्याकडून जायचं. पिठलं, तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी, आंबेमोहराचा भात. एवढं सगळं मला एकटीला उचलेना, म्हणून आई म्हणाली, "सिंधूला ने संगं. पर तिला एकलीला धाडू नगंस. नवी सून हाय, चार तरणी पोरं हायती तितं. तू सोबत असशील तवाच ती जाईल." तर अशी मी वहिनीची सोबत झाले. ती कुठंही जायची तर मी हवी. मी नाही तर ती उंबऱ्यात. तेव्हा ते मला ओझं वाटलं होतं. हातात किल्ली आलीय हे नंतर कळलं.

तिसरा का चौथा शनिवार असेल. पोरं एका गाण्याशी झटत होती. त्यात एका वळणावर ड्रम आणि गिटार एकमेकांच्या पायात पाय घालायचे, आणि गाणं तिथून लंगडत जायचं. आम्ही जेवण घेऊन दारात उभ्या. वहिनी माझ्या कानाशी लागून म्हणाली, "वन्सं, त्यो ढोलवाला दर खेपेला हितं एक कमी वाजवतोय."

"गप गं," मी म्हटलं, "आपल्याला काय कळतंय त्यातलं!"

नेमकं तेव्हाच आत शांत झालं होतं. जोएलनं विचारलं, "काय म्हणाल्या त्या?"

"काही नाही," मी म्हटलं.

पण तो तिच्याकडेच बघत होता. वहिनी लाजून लाल झाली, तरी तिनं पिठल्याचं पातेलं खाली ठेवलं, उकिडवी बसली आणि झाकणावर बोटांनी ते वळण वाजवून दाखवलं. एकदा त्यांचं, एकदा तिचं. ड्रमवाल्यानं तोंड वाकडं केलं, पण वाजवून बघितलं. आणि ते गाणं, जे महिनाभर लंगडत होतं, सरळ चालत गेलं! चौघांनी असा काही ओरडा केला की आबा काठी घेऊन धावत आले.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आठ महिने मी त्या कट्ट्यावर बसत होते, आणि ती चूक मला ऐकू आलीच नव्हती. मला वाटायचं, ते गाणं तसंच आहे. मला ते तसंच आवडत होतं!

त्यानंतर शनिवारचं सगळंच बदललं. "वहिनी आल्या का?" ही हाक आधी. नवं काही बसवलं की जोएल तिच्याकडे बघायचा. तिनं मान हलवली तर गाणं झालं, नाही हलवली तर पुन्हा. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच, असं मी मनात म्हणायचे. तिच्याकडे ना वही, ना डबा, ना तार. तिला इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. एकदा विहिरीवर मी तिला मुद्दाम कोंडीत पकडलं. म्हटलं, "एवढं आवडतं ना, मग त्या ओळीचा अर्थ सांग बरं." ती घागर विसळत म्हणाली, "अर्थ तुमाला ठावं. मला नुसतं कळतंय." मी घरी येऊन वही उघडली आणि माझे अर्थ वाचले. ते मला खोटे वाटायला लागले, आणि त्याचाही राग मी तिच्यावरच काढला. चालताना मी मुद्दाम भराभर पुढं जायचे, म्हणजे तिला डोक्यावर पातेलं घेऊन पळावं लागेल. ती पळायची. वर ओठांत गाणं चालूच.

दिवाळीनंतर ठरलं की लोणावळ्यात एका हॉलमध्ये बँडचा पहिला जाहीर कार्यक्रम करायचा. बारा गाणी. बारावं अगदी नवं होतं, त्याला शब्दच नव्हते, नुसता आवाज चढत-उतरत जायचा. जोएलनं आम्हाला दारात थांबवून सांगितलं, "हे त्या झाकणावरनं सुचलंय. शेवटी हेच वाजवणार. आणि त्याआधी मी स्टेजवरून वहिनींचं नाव घेणार. तुम्ही दोघी पुढच्या रांगेत बसायचं." तुम्ही दोघी! मी म्हणजे तिच्या हातातल्या पातेल्याची कडी.

आईनं परवानगी दिली. "मंगी संगं असंल तर जा, न्हाईतर न्हाई." मंगी म्हणजे मी. त्या दिवशी वहिनीनं सकाळीच ठेवणीतली जांभळी साडी काढून वळचणीला वाऱ्यावर टाकली. दुपारभर तिच्या हातून एकही काम धड झालं नाही. दूध उतू गेलं, भातात मीठ दोनदा पडलं. आईसुद्धा हसली. चार वाजता ती साडी नेसून, केसात अबोली माळून अंगणात उभी राहिली, आणि मी तिला बघितलं. इतकी आनंदात असलेली बाई मी तोवर बघितली नव्हती. मी ओट्याच्या दोन पायऱ्या उतरले, तिसरीवर बसले आणि ओरडले, "आई गं, पाय!"

आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन म्हणतात, ते मी त्या पायरीवर केलं. मलाही जायला मिळणार नाही, हे मला कळत होतं. ज्या दिवसासाठी मी वर्षभर जीव टाकला, तो मी स्वतःच्या हातानं घालवत होते. तरी त्या क्षणी मला एवढंच हवं होतं, की तिचं नाव हॉलमध्ये घेतलं जाईल तेव्हा ते ऐकायला ती नसावी.

आई धावत आली. म्हणाली, "सिंधे, पाय लाव बघू."

"वन्सनला कसा पाय लावू, आत्याबाई?"

"लाव गं, अवशिद हाय ते!"

वहिनीनं माझ्याकडे न बघता साडी जरा वर धरली आणि अंगठा माझ्या घोट्याला टेकवला. एकदा. दुसऱ्यांदा टेकवला तेव्हा तो तिथेच थांबला. मग तिनं माझ्याकडे बघितलं. गावातले शंभर लचकलेले पाय त्या अंगठ्याखालून गेले होते. त्याला काय कळायचं राहतंय! मी नजर वळवली. आता ही बोलणार, आणि आई मला अंगणात बडवणार. वहिनीनं तिसऱ्यांदा पाय टेकवला आणि म्हणाली, "लय मुरगळलाय, आत्याबाई. चालवायचं न्हाई त्यांना."

आबा आणि दादा गेले. त्यांना खुर्च्या लावायला बोलावलं होतं. आई शेजारी वाटाणे सोलायला गेली. मी हळदीचा लेप लावलेला, चिंध्यांनी बांधलेला पाय उशीवर ठेवून पडले होते. स्वयंपाकघराचं दार माझ्या समोर. वहिनीनं जांभळी साडी घडी करून पेटीत ठेवली, जुनं लुगडं नेसली, आणि परातीत पीठ घेतलं. दिवेलागणीची गाडी मळवलीवरून गेली. ती कान देऊन म्हणाली, "आता उभी ऱ्हायली असतील पोरं." आणि भाकरी थापता थापता तिनं पहिलं गाणं सुरू केलं.

एकामागून एक, ठरलेल्या क्रमानं. शब्द तिला यायचे नाहीत, पण शब्दांचा नाद तिनं जसाच्या तसा धरला होता, त्यामुळे कोणतं गाणं हे सांगावं लागत नव्हतं. ढोलाच्या जागी भाकरीची थाप. मधे गिटार एकटी वाजते तिथं ती गप्प राहायची आणि नेमका तेवढाच वेळ थांबून पुढचं कडवं उचलायची. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पश्चात्तापानं आलं असं लिहिलं तर वाचायला बरं वाटेल, पण ते हेव्यानं आलं. सगळा बँड तिच्या आत होता; माझ्याकडे बिस्किटाचा डबा. अकरा गाणी झाली तेव्हा भाकऱ्यांची चवड लागली होती. तिनं हात धुतले, पुसले, माझ्या पायाशी येऊन बसली, आणि मांडीवर ताल धरून बारावं म्हटलं. तिच्या नावाचं गाणं तिनं मलाच म्हणून दाखवलं, कारण घरात दुसरं कोणी नव्हतं.

सकाळी दादा चहा ओतून घेत म्हणाला, "कसला कार्यक्रम! तीन गाणी झाली आन जनरेटर बसला. मान्सं वराडली, खुर्च्या उलट्या करून गेली. पोरं रडकुंडीला आलती."

वहिनीनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. "मंग बारावं?"

"कसलं बारावं घेऊन बसलीस? चौथंबी न्हाई झालं."

म्हणजे ती संध्याकाळ पूर्ण झाली ती आमच्याच स्वयंपाकघरात, आणि ऐकायला मी एकटी. माझं नाक कापलं गेलं होतं, आणि अपशकुनही झाला नव्हता. मला चार दिवस लंगडावं लागलं. दुसऱ्या दिवशी मी चुकून उजव्याऐवजी डावा पाय ओढत निघाले. वहिनी पाण्याची कळशी घेऊन मागून येत होती. तिनं फक्त, "त्यो न्हवं, वन्सं," असं हळूच सांगितलं.

बँड त्या वर्षअखेरी मोडला. नंतर एक कॅसेट निघाली, तीत नऊ गाणी होती, बारावं नव्हतं. मालकांनी बंगला विकला, आता तिथे रिसॉर्ट आहे आणि शनिवार-रविवारी दुसरंच काहीतरी धडधडत असतं. माझं लग्न होऊन मी लोणावळ्यात आले. आबा गेले, आई गेली. त्या पायाबद्दल वहिनी आणि मी पस्तीस वर्षांत एक शब्द बोललो नाही.

गेल्या वर्षी मला एका मुलाचा फोन आला. नाव तेजस, साताऱ्याकडचा. वडिलांच्या कपाटात त्याला ती कॅसेट सापडली आणि याला वेड लागलं. अशी वेडी पोरं आता चाळीस-पन्नास आहेत म्हणे. त्यांचा फोनवर ग्रुप आहे, आणि बँड आधी कुणी शोधला यावरून त्यांच्यात कडाक्याची भांडणं होतात. हे ऐकून मला घरी आल्यासारखं वाटलं. जोएल परदेशात असतो. त्याच्याकडून यांना लोणावळ्याच्या कार्यक्रमाचा हातानं लिहिलेला कागद मिळाला होता. शेवटची ओळ: '१२. वहिनी'. ते गाणं कुणाकडेच नाही. जोएललाही आठवत नाही, त्यानं एवढंच सांगितलं की भाज्यात विचारा. तेजसनं माग काढत काढत माझा नंबर मिळवला होता. तो श्वास रोखून म्हणाला, "त्या वहिनी म्हणजे तुम्हीच का?"

मला तीन दीर आहेत, आणि ते तिघेही मला वहिनीच म्हणतात. 'हो' म्हटलं असतं तर खोटंही ठरलं नसतं. मी म्हटलं, "बघते, सांगते," आणि त्याला आठ दिवस लोंबकळत ठेवलं. आठ दिवस मी त्या गाण्याची मालकीण होते. काय सुखाचे दिवस होते ते! आंघोळ करताना मी ते गाणं म्हणायचे, तसं मी पस्तीस वर्षं म्हणतच आले आहे. मग नवव्या दिवशी त्याला मळवली स्टेशनावर बोलावलं आणि म्हटलं, "ती मी नव्हे. चल, मी सोबत येते."

वहिनी दादाच्या गावातल्या नव्या घराच्या ओसरीवर सुपात तांदूळ घेऊन बसली होती. तेजस तिच्या पाया पडला, तिच्यासमोर फोन ठेवला, आणि हात जोडून म्हणाला, "आजी, एकदाच. ते बारावं गाणं."

तिनं फोनकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मला न्हाई याद आता. लय वर्सं झाली. वन्सनला इचार बाबा. त्या दिशी ऐकायला त्याच हुत्या, दुसरं कोन बी न्हवतं."

फोनचं तोंड माझ्याकडे वळलं. आयुष्यभर जे तिच्याकडून ओढून घ्यायला मी टपले होते, ते ती सुपातल्या तांदळासारखं माझ्याकडे सरकवत होती. मी पाणी प्यायले आणि सुरू केलं. आवाज आता फाटतो, तरी चढाव मी बरा गाठला. डोळे मिटूनच म्हणत होते. म्हणता म्हणता ऐकू आलं, की कोणीतरी सुपाच्या काठावर बोटांनी ताल धरलाय. शेवटच्या वळणावर आले, वळले, आणि तो ताल थांबला.

मी डोळे उघडले. वहिनीचा हात सुपावर तसाच उचललेला होता.

"वन्सं," ती म्हणाली, "हितं एक कमी पडतंय."

मला राग आला. तो खरोखर, सोळाव्या वर्षी आला होता तसाच्या तसा आला. मी तेजसला ते पुसून टाकायला लावलं, आणि वहिनीच्या हाताकडे बघत पुन्हा पहिल्यापासून म्हटलं.